ट्रायलनंतर हलवलेले दात

३ नोव्हेंबर, सोमवार

घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि पाय अजून एका जागी ठरत नाहीत. सकाळी जाग आली की आधी छताकडे बघते. कुठलं गाव? कुणाचा पलंग? मग वहिनीचा मिक्सर सुरू होतो. हां. घर!

तेरा महिने सॅक पाठीवर घेऊन फिरले. नऊ देश. आता चार खोल्यांत दिवसातून चाळीस फेऱ्या मारते. दादा म्हणाला, "अगं बस की जरा, फरशी झिजेल." सॅक अजून तशीच भरलेली, दाराजवळ. वहिनी रोज विचारते, कपडे काढतेस का धुवायला? उद्या, म्हणते मी. रोज उद्या.

आणि त्यात हा मेसेज. परवा आला. लॅबमध्ये बाबांच्या टेबलावर फोन ठेवला होता, तिथेच त्यांच्यासमोर वाजला. मोबाईलने केलेलं भाषांतर, तेही मोडकंतोडकं: "तुझी खुर्ची रिकामी ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत ठेवीन. मग दुसरीला देईन." बस्स! कशी आहेस नाही, काही नाही. त्या बाईने जन्मात कुणाशी गोड बोलल्याचं मला माहीत नाही.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिवसभर बाबांबरोबर लॅबमध्ये. तेरा महिने दिसेल त्याला "आम्ही काय करतो" हे समजावून सांगून अशी सवय लागलीय की आता मनातल्या मनातही समजावते — तर मंडळी, घराखालच्या गाळ्यात आम्ही कवळ्या बनवतो! दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा करतो, त्यावर मेण, मेणात एकेक दात मांडायचा. मग ट्रायल — डॉक्टर ते मेणातले दात पेशंटच्या तोंडात घालून बघतात. पेशंट हो म्हणाला की मेण काढून पक्कं करायचं. संपलं. ट्रायल झाली की दाताला हात लावायचा नाही, हा बाबांचा एकुलता एक नियम. बाकी त्यांचं काही म्हणणं नसतं. लॅबमध्ये विडी ओढा, नाचा, काही करा.

अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मग एक दिवस उठले आणि गेले. विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "दात घासत जा."

आज बाबांचा हात थरथरताना पाहिला. मेणाची सुरी दिव्यावर तापवून दातापाशी नेली आणि टोक असं लटपटलं की मेणाचा थेंब प्लास्टरवर पडला. मी बघितलं. त्यांनीही मी बघितलं हे बघितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

वहिनीचं फर्मान! तिचं बायकांचं वाचनमंडळ आहे. तेवीस तारखेला, रविवारी चार वाजता मी तिथे बोलायचं. विषय तिनेच ठरवलाय — 'परदेशातल्या भटकंतीच्या माझ्या दहा आवडत्या आठवणी'.

"दहाच का?"

"अकरावीला बायका उठून जातात."

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवणी लिहायला बसले. म्हटलं, त्यात काय! तासाभरात उरकेल.

धबधबा — भिजले, सर्दी झाली. डोंगरावरचा सूर्योदय — खरं तर ढग होते, सगळे म्हणाले "वा!" म्हणून मीही म्हटलं. दोन देशांच्या हद्दीवरची ती चौकी — पाच तास उभी होते, कारण पासपोर्टवरच्या फोटोत माझे केस लांब आणि समोर उभी ती बोडकी. शेवटी शिपायाने हसून दाखव म्हणून खूण केली, हसले, त्याने दात ताडून पाहिले आणि सोडलं! ही बरी आहे. ही ठेवू. आठ पलंगांची ती खोली, तिथे सातजण सात सुरांत घोरायचे. ब्रेक नसलेली भाड्याची सायकल आणि खाली उतारावर मासळीवालीची टोपली. गच्चीवर वाळत घातलेला माझा एकमेव कोरडा शर्ट माझ्या डोळ्यांदेखत उडून शेजारच्या देशात गेला, ती. खरंच, नदीपलीकडे दुसरा देश होता.

सहा झाल्या. सगळ्या सांगायला झकास. पण आवडती म्हणाल तर एकही नाही. कागद चुरगळला, फेकला, परत उचलला. उठले, जिना उतरले, चढले. वहिनी म्हणाली, "काही हरवलंय का तुझं?"

९ नोव्हेंबर, रविवार

इथे तरी खरं लिहावं. कोण वाचणार आहे!

माझी आवडती आठवण एका लॅबची आहे. झालं, लिहिलं.

सातव्या महिन्यात एका स्वस्त लॉजवर उतरले होते. तिथला एक म्हातारा प्रवासी सकाळी बेसिनपाशी रडकुंडीला आलेला — हातातून कवळी निसटली, दोन तुकडे. मी ते तुकडे रुमालात बांधून गावभर विचारत गेले. एका गल्लीत खिडकीत प्लास्टरचे जबडे मांडलेले दिसले आणि असं झालं, जसं गर्दीत आपल्या गल्लीतलं कुणी दिसावं. आत एक साठीची बाई, एका चष्म्यावर दुसरा चष्मा घातलेला. तिने तुकडे बघून दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन आठवडे. मी म्हटलं, तो काय दोन आठवडे सूप पिणार? तिला काय कळतंय! मग मी सरळ तिच्या टेबलावरचं प्लास्टर ओढलं, तुकडे जुळवले आणि बसले कामाला. तिने हाकललं नाही. दोन्ही चष्म्यांतून बघत राहिली. शेवटी सांध्यावरून नख फिरवून पाहिलं, अडकलं नाही. दाराकडे बोट दाखवलं, मग घड्याळात आठवर. उद्या आठला ये.

चार महिने गेले मी. चार महिने! घरी सांगत होते, डोंगरात आहे, नेटवर्क नाही.

माझी दोन-चष्मेबाई बाबांसारखे दात मांडत नाही. बाबांचे दात कसे — सरळ रेघ, एकसारखे, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. ती आधी पेशंटचा जुना फोटो मागते. तरुणपणी तुमचा एक दात जरा पुढे होता ना? मग तो पुढेच बसवणार. सुळा थोडा फिरलेला होता? फिरवणार. एका म्हाताऱ्याच्या बायकोने नवी कवळी घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या गालावर चापट मारली, मग मिठी मारली. चाळीस वर्षांपूर्वीचा नवरा दिसला ना तिला! मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मला एवढंच कळलं की हे काम मला आवडतं. जे काम सोडून पळाले तेच.

आता हे बाबांना कसं सांगू? तुमच्या शेजारच्या स्टुलावर जीव गुदमरला म्हणून अर्धं जग ओलांडलं आणि दुसरीच्या स्टुलावर जाऊन बसले? तेही खुशीत?

खुर्ची रिकामी आहे. एकवीस दिवस उरले.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी काल मांडलेला सुळा आज वाकडा दिसला. ते जेवायला वर गेल्यावर गुपचूप सरळ केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाला हात लावला. वाईट वाटलं.

वहिनीला विचारलं, बाबांचा हात केव्हापासून थरथरतोय? तिने कणीक मळता मळता मान वर केली. "थरथरतो? मला नाही बाई दिसला कधी. चहाचा कप तर नीट धरतात की." मागे बाबा पेपर वाचत होते, म्हणून मी विषय वाढवला नाही. बारीक कामालाच होत असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बघा! आज कपसुद्धा बशीवर खडखड वाजत होता. वहिनीचं कशातच लक्ष नसतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवीन काम आलं आणि चिठ्ठीवरचं नाव वाचून मी ताडकन उभी राहिले. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई! मुख्याध्यापिका. दोन्ही कवळ्या, वरची आणि खालची. शाळेत आम्ही त्यांना 'दगड' म्हणायचो. दहा वर्षांत बाई एकदाही हसल्या नाहीत. गॅदरिंगमध्ये गणिताच्या सरांचा सदरा मागून फाटला तेव्हासुद्धा तोंडावर हात ठेवून उभ्या.

ठशाबरोबर डॉक्टरांनी त्यांचा जुना फोटो पाठवलाय. सगळ्यांचाच मागून घेतात ते, बाबा कधी बघत नाहीत, खणात टाकतात. मी पाहिला. विशीतल्या मोठ्या बाई, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून खदखदून हसतायत! आणि पुढच्या दोन दातांत फट. चांगली तांदळाचा दाणा जाईल एवढी. काय गोड दिसतायत. दगड कसल्या!

फोटो खिशात घातला. दिवसभर काढून बघतेय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेवताना मीच विषय काढला, आडून. म्हटलं, समजा मी पुन्हा गेले तर? जरा जास्त दिवस?

बाबा म्हणाले, "जा की. मी काय कुठे पळून चाललोय?" आणि पाण्याचा पेला उचलला. अर्धं पाणी ताटात.

दादाने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच सांडलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोठ्या बाईंची ट्रायल काल पास झाली. मांडणी बाबांची, डागडुजी माझी. सरळ रेघ, मोती! डॉक्टर म्हणाले, बाई आरशात बराच वेळ बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, मानेने हो म्हणाल्या.

बघितलंस? काही बोलल्या नाहीत. म्हणजे आवडलं नाही. दुसऱ्याच कुणाचे दात वाटले असणार. मी तिकडे शंभर वेळा पाहिलंय, लोक काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात आणि घरी जाऊन कवळी डबीत ठेवून देतात.

दुपारी बाबा वर झोपले होते. मी फोटो दिव्याला टेकवून ठेवला. सुरी तापवली. वरचे पुढचे दोन दात किंचित बाजूला, मागचे त्यांच्यामागे सरकवले. फार नाही. तांदळाचा दाणा. दोन तास लागले. हात एकदाही अडखळला नाही, आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा मला कुठे जावंसं वाटत नव्हतं.

ट्रायलनंतर हात लावायचा नाही. माहीत आहे. माहीत आहे!

संध्याकाळी पक्कं करून टाकलं, बाबांना म्हटलं, मीच करते सगळं, तुम्ही बसा.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोठ्या बाई आरशात बघतील तेव्हा मला तिथे असायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

होते की. चांगली होते.

अकरा वाजता मोठ्या बाई स्वतः लॅबमध्ये आल्या. काठी टेकत, डॉक्टरांकडून तडक. तोंडाला पदर. मी आपली पुढे होऊन, "बाई, ओळखलंत का? मी तुमची —"

पदर काढला. कवळी तोंडात होती. म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

मी मूर्ख, कौतुकाची वाट बघत म्हणाले, मी!

मग ज्या बोलल्या! आवाज चढला नाही, तोच वर्गातला आवाज. "ह्या फटीपायी मी बावन्न वर्षं तोंडावर हात ठेवून हसले. नंतर हसायचंच सोडलं. मुलं मला दगड म्हणायची, मला काय ऐकू येत नव्हतं? सगळे दात गेले तेव्हा माणसं रडतात. मी रडले नाही. म्हटलं, चला, निदान आता सरळ दात मिळतील. त्या दिवशी आरशात पाहिले, शब्द फुटेना मला. रोज मोजत होते, कधी पक्के होऊन येतात. आणि आज..." तो एकच फोटो म्हणे हसताना काढलेला, तीस वर्षं कपाटाच्या तळाशी, डॉक्टरांनी हट्टच धरला म्हणून दिला.

बाबांनी कवळी हातात घेतली. क्षणात कळलं त्यांना. माझ्याकडे बघितलंही नाही. "बाई, चूक माझी आहे," म्हणाले. "नवीन करून देतो. सोमवारी ट्रायल." बाईंनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी बाबा प्लास्टर कालवता कालवता म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

सांगितलं. सगळं. लॉज, तुकडे, दोन चष्मे, चार महिने, डोंगर नव्हता, नेटवर्क होतं. खुर्चीचं मात्र सांगितलं नाही. मेसेजचं तोंडातून निघेना.

त्यांनी कवळीवरची फट अंगठ्याने चाचपून पाहिली. "हात चांगला बसलाय तुझा. चांगलं शिकवलंय बाईने." मग म्हणाले, "आधी पेशंटला विचारायचं, हे मात्र शिकवलं नाही."

शिकवलं होतं! तेच तर. ती आधी तासभर पेशंटशी बोलायची, मला भाषा कळायची नाही, मला वाटायचं गप्पा मारतायत. मला दिसला तो फक्त फोटो. चार महिने शेजारी बसून मी अर्धंच काम शिकून आले आणि ते अर्धं घेऊन शहाणपण दाखवत फिरतेय.

बाबा एवढंच म्हणाले, "चार महिने रोज आठला जायचीस?"

"हो."

"इथे कधी दहाच्या आत आली नाहीस."

हसून म्हणाले. पण लागलं मला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचा नवा ठसा आला. कापून सांधायचं नाही, वरची पूर्ण नवी, असं बाबांनीच ठरवलं. मी म्हटलं, मी करते, माझी चूक आहे. "नको." फक्त नको. आणि हात तर आज फारच. दुपारी सुरी खाली पडली, पायावर पडता पडता वाचली. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. "वयाचं असतं. डॉक्टर काय वय कमी करतो?"

दादाला फोन करून सांगितलं, बाबांना दाखवायला हवं. तो म्हणाला, तू आहेस ना आता लॅबमध्ये. म्हणजे झालं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जाते मी. खरंच जाते. इथे राहून तरी काय दिवे लावले? तिकडे जाऊन निदान उरलेलं अर्धं शिकेन. सॅक भरलेलीच आहे. "येते" असं लिहिलं फोनवर. पाठवलं नाही. चहा केला, गार झाला, दुसरा केला.

बाबांचं काय?

२३ नोव्हेंबर, रविवार

एकाच दिवसात किती व्हावं माणसाला.

आधी वाचनमंडळ. तीस-पस्तीस बायका, सतरंजीवर. मी सूर्योदयापासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवणीला पुढच्या रांगेतल्या आजी जांभया द्यायला लागल्या आणि मला वरची बाजू दिसली — कवळी, सैल, चुकीच्या उंचीची. माझा धागाच तुटला. काय बोलत होते विसरले आणि एकदम तोंडातून निघालं, "मला खरं तर एकच गोष्ट आवडली." मग लॅब, म्हाताऱ्याचे तुकडे, चापट आणि मिठी, आणि मोठ्या बाईंचं नाव न घेता माझी घोडचूकसुद्धा. सगळं ओकले. कुणी उठून गेलं नाही. शेवटी एकीने विचारलं, "आता बोलताना तुम्ही आमचे दात बघत होतात का?" मी म्हटलं, हो. तीस-पस्तीस तोंडं एकदम बंद! मग अशा हसल्या सगळ्या. वहिनीसुद्धा. येताना वाटेत मात्र म्हणाली, "आम्हाला नाही सांगितलंस कधी."

घरी आले ते थेट लॅबमध्ये. बाबा नव्हते, वर गेले होते. टेबलावर मोठ्या बाईंची वरची कवळी, मेणात, पूर्ण मांडलेली.

मी खाली बसून डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिली. एकही दात हललेला नाही. मध्यरेषा जिथे हवी तिथे. मेण असं गुळगुळीत की बोट घसरावं. मला सरळ करायला त्यात काही ठेवलंच नव्हतं त्यांनी.

त्या हाताने! सुरी धरवत नाही त्या हाताने. किती वेळ बसले असतील? सकाळपासून? एकेक दात किती वेळा मांडला असेल, पडला असेल, पुन्हा मांडला असेल. माझी चूक निस्तरायला. आणि वर काय म्हणाले होते बाईंना — चूक माझी आहे.

तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले. वर गेले तेव्हा बाबा दादाबरोबर क्रिकेट बघत होते. म्हणाले, "झालं का भाषण? कितव्या आठवणीला पळाल्या बायका?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

ट्रायल. ह्या वेळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. कोपऱ्यात उभी. मोठ्या बाईंनी आरसा घेतला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. म्हटलं, आता बोलणी खायची.

"काही विनोद सांग," म्हणाल्या.

मला एकही विनोद आठवेना! शेवटी म्हटलं, बाई, त्या गॅदरिंगला सरांचा सदरा मागून फाटला होता ना...

बाई हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून. हात मांडीवरच होता. डॉक्टरांच्या शिपाईमावशी दारातून डोकावल्या, काय झालं बघायला. मी बाईंना विचारलं, हे चालतील ना? पक्के करू? नीट विचारलं, उत्तर येईपर्यंत थांबले. म्हणाल्या, "आता पुन्हा हात लावलास तर बघ."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पक्कं करायचं आणि पॉलिशचं काम मी केलं. सकाळी आठला लॅब उघडली. बाबा दहाला आले, घड्याळाकडे बघितलं. दाढी गुळगुळीत, कपडे इस्त्रीचे. मजेत होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. एकदा वाटतं जावं, एकदा वाटतं कुठल्या तोंडाने जावं. खिडकीत उभी राहिले की पाय आपोआप रस्त्याला लागतात, आज उगाच स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. पण डोळ्यांपुढे तेच — रविवारची रिकामी लॅब, एकटे बाबा आणि तो हात.

त्यांनी एका शब्दानेही राहा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडून गेले असते!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कळवलं. "येत नाही. वडिलांचा हात थरथरतो. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. तुमची आठवण येईल." पाठवलं आणि फोन उशीखाली दाबून ठेवला, जसा काही तो ओरडणार होता.

मग सॅक रिकामी केली. वहिनीने कपडे घेतले, म्हणाली, "हे मोजे धुवायचे की जाळायचे?" तळाशी वाळू निघाली. कुठल्या किनाऱ्याची, आठवेना. खिडकीतून झटकली.

बाबांना सांगितलं, मी आता इथेच. कायमची. ते वर्तमानपत्रात तोंड घालून, "बरं," म्हणाले. पानं उलटताना कागद हलत होता.

दुःख होतंय. लिहायला हरकत नाही. पण बरोबर केलं. बरोबरच केलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर आलं. "दिली." एक शब्द. तिच्यासारखाच.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळे झोपले असतील म्हणून दुपारी आवाज न करता खाली गेले, लॅबमध्ये राहिलेला माझा चष्मा आणायला. दार लोटलेलं होतं. बाबा आत होते, माझ्या बाजूला तोंड, मान खाली. पुढचे दात मांडत होते. शिट्टी वाजवत. हातातली सुरी दातावर टेकलेली, टोकावर वितळलेल्या मेणाचा थेंब, आणि तो थेंबसुद्धा हलत नव्हता. एक दात. दुसरा. तिसरा. मी दारात उभी राहून बघत राहिले.

"बाबा," म्हटलं.

त्यांनी आधी वर पाहिलं. मग हात थरथरायला लागला.